वरचा एक रुपया

...न्हाई, पण मला सांगा, समोर लेकीचं घर आहे, दार सताड उघडं आहे, आत पंखा फिरून राह्यला, गार पाण्याचा माठ भरलेला आहे, अन् मी हितं कडूबाच्या टपरीवर बसून जालन्याहून आणलेल्या बाटलीतलं कोमट पाणी पिऊन राह्यलो, ह्यात हसण्यासारखं काय आहे? तुम्ही हसले. मी बघितलं ना. अहो, लेकीच्या घरचं पाणी पीत नसतो बाप. आमच्यात तरी न्हाई पीत. माझ्या बापानं न्हाई पिलं, आजोबा तर लेकीच्या गावच्या शिवारात शिरले की तिथल्या विहिरीला बी तोंड लावत नव्हते, तहान लागली तर परतीच्या वाटेवर दुसरं गाव लागेपर्यंत कोरडे. आता तुम्ही म्हणताल, काका, आजकाल कोण पाळतं हे... मी पाळतो. अन् ह्या पाळण्यापायी माझा पैसा गेला. म्हणजे गेला बी न्हाई, हेच तर दुखणं आहे. गेला असता तर माणूस रडून मोकळा झाला असता. माझा पैसा सुरक्षित आहे. तुम्हाला सांगतो, इतका सुरक्षित आहे, इतका सुरक्षित आहे, की मलाच सापडून न्हाई राह्यला.

कडूबा, एक कट चहा टाक. ह्यांना बी दे. बसा, बसला टाइम आहे अजून.

मी जालन्याला, एमआयडीसीत, एका बियाण्याच्या कंपनीत होतो, स्टोअरला. आयुष्य गेलं कपाशीच्या अन् सोयाबीनच्या बॅगा मोजण्यात अन् धूळ खाण्यात. रिटायर झालो, चार पैसे हातात आले. चारच बरं का, लोकांना वाटतं कंपनीतून सुटला म्हणजे पोत्यानं आणले. अन् त्या चार पैशांवर पहिल्या दिवसापासून नाव लिहिलेलं होतं: रजनीचे गुडघे. रजनी म्हणजे आमची मंडळी. दोन्ही गुडघे गेलेले. अन् आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट न्हाई. बाजारातून आली की एकेका पायरीवर थांबायची, कठडा धरायची, अन् तिथूनच मला ऐकवायची, 'बियाणं उगवलं न्हाई तर शेतकऱ्याला बॅग बदलून देत होते ना तुम्ही? मंग माझे गुडघे कधी बदलून देता?' डॉक्टरकडं गेल्तो. म्हणले, दोन्ही करावे लागतील. खर्चा ऐकला अन् मी खुर्चीतून उठलोच न्हाई, तर डॉक्टर मलाच विचारतात, 'तुमचे पण दुखतात का?'

मंग मी म्हणलं, आहे तेवढा पैसा बँकेत पडून काय वाढणार? थोडा वाढवू. दोन वर्षं कळ काढ, एकदम दोन्ही नवे. रजनी म्हणली, 'वाढवायला जाऊ नका, आहे तेवढ्यात एक तरी करा.' आता एक नवा अन् एक जुना, बैलजोडीत बी असं चालत न्हाई, बाईमाणसात कसं चालंल? हे मी बोलून दाखवलं. ते बोलायला नको होतं, पण त्याचा अन् पैशाचा संबंध न्हाई.

अन् पैसा वाढवायचा तर कुठं? घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं? माझे इवाई, धर्मराज इवाई, लेकीचे सासरे. हे समोरचं खता-बियाण्याचं दुकान दिसून राह्यलं ना, त्यांचंच. त्याच्या वरच्या खोलीत त्यांचं शेअर मार्केटचं हाफिस होतं. म्हणजे खरी कंपनी पुण्याची, ब्रोकर, काचेची बिल्डिंग, खाली वॉचमन. इवाई त्यांचे तीर्थपुरीतले माणूस. खाली युरिया, वर शेअर. कापसाचे पैसे आले की शेतकरी खाली खताची उधारी फेडायचा अन् उरले ते घेऊन जिना चढायचा. वर भिंतीवर बोर्ड होता, हिरव्या अक्षरात: 'आपला पैसा सुरक्षित आहे.' आता मला सांगा, जिथं भिंतीवर लिहावं लागतं की सुरक्षित आहे, तिथं माणसानं जरा थांबायला पाहिजे का न्हाई? कडूबानं कधी लिहिलं का, आमच्या चहात माशी न्हाई म्हणून? पण लेकीच्या सासऱ्याच्या भिंतीवर शंका घ्यायची माझी काय बिशाद!

तर पहिले पन्नास हजार टाकले. बराबर मोबाइलवरून, माझ्या बँकेतून कंपनीच्या खात्यात, मेसेज आला, सगळं बिलकुल नियमानं. इवायांना म्हणलं, घ्या एखादा चांगला शेअर. इवाई कसे आहेत, बोलणं एकदम संथ. तळहातावर तंबाखू मळत म्हणतात, 'घाई न्हाई करायची, इवाई. भाव पडू द्या.' भाव पडला. मी फोन केला, पडला ना हो? 'अजून पडंल.' मंग चढला. 'आता चढलेला कशाला घ्यायचा?' असं करता करता पैसा आपला तसाच पडून. अन् आपल्याला विचारायची चोरी. लेकीच्या सासऱ्याला पैशाचं एकदा विचारलं तर चौकशी होते, दुसऱ्यांदा विचारलं तर संशय होतो, अन् तिसऱ्यांदा विचारलं की तिकडं लेकीला भाजीत मीठ जास्त झाल्याचं ऐकावं लागतं. म्हणून गप.

अन् तीन महिने झाले असतील, एक दिवस मोबाइल वाजला. बघतो तर पन्नास हजार माझ्या बँकेत परत! न मागता! मी बघूनच थंड. रजनीला दाखवलं. ती म्हणली, 'बरं झालं आले, आता आधी उजव्या गुडघ्याचं...' मी म्हणलं, 'गुडघा काय घेऊन बसलीस, इवायांनी पैसे परत पाठवले, ह्याचा अर्थ कळतो का तुला?'

तुम्हाला कळतो का? आता मला सगळं पाठ झालंय, झोपेतून उठवलं तरी सांगीन. सेबीचा नियम आहे. ब्रोकरकडं तुमचा पैसा नुसता पडून असला, तुम्ही शेअर घेतला न्हाई, तर ठरावीक मुदतीनं त्यानं तो तुमच्या बँकेत परत टाकायचा. आमची मुदत तीन महिन्यांची. का? तर उद्या ब्रोकर बुडाला तर त्याच्यासंग तुमचा पैसा बुडू नये. इवायांचा त्यात हात बी लागत न्हाई, पुण्याहून आपोआप येतो. किती चांगला नियम आहे! मोठमोठ्या डोक्यांनी मुंबईला बसून केलेला. पण त्या एवढ्या डोक्यांत एकानं तरी आपली लेक तीर्थपुरीला दिल्ती का? त्यांना काय माहीत, लेकीच्या सासरहून बापाच्या घरी पैसा आला तर बापानं चार लोकांत तोंड कसं दाखवायचं? अन् त्यात परत पाठवलेला! आपण दिलेलं सोयऱ्यानं परत केलं म्हणजे काय असतं? तुमचं आमचं जमत न्हाई, असं असतं. मला दोन घास गेले न्हाईत त्या दिवशी. अर्पिताला फोन करून विचारलं, काय गं, घरात सगळं ठीक आहे ना? ती म्हणली, 'हो बाबा, का?' काही न्हाई म्हणलं, ठेवला.

मंग काय केलं? आपल्याकडचा कोणताही बाप करंल तेच केलं. नागपंचमी आल्ती. बँकेतून कोऱ्या नोटा काढल्या, आहेराचं पाकीट आणलं, ते गणपती छापलेलं, ज्याच्यावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं. झाले पन्नास हजार एक. संग टोपी, टॉवेल, अन् आलो तीर्थपुरीला. इवायांच्या हातात पाकीट दिलं. आता तिथं तोंडानं काय म्हणायचं? की घ्या, तुम्ही परत केल्ते ते शेअरचे पैसे, पुन्हा कामाला लावा? सोयऱ्यात असं कोणी बोलतं का? मी नुसतं म्हणलं, 'आमच्याकडं कशाला, असू द्या तुमच्याकडं.' इवाई म्हणले, 'अहो, एवढं कशाला?' मी म्हणलं, 'असू द्या, असू द्या.' त्यांनी पाकीट कपाळाला लावलं, देवापुढं ठेवलं. एवढंच बोलणं झालं. मला वाटलं दोघांना कळलं.

घरी आलो अन् मोबाइलवरून पुढचे पन्नास टाकले, कारण हप्त्याहप्त्यानं वाढवायचं ठरलेलं. ते बी तीन महिन्यानं परत. दिवाळीला दुसरं पाकीट. मंग संक्रांत. मंग आखजी, म्हणजे अक्षय तृतीया. अधिक महिन्यात तर पाकीट अन् वर चांदीचं ताम्हण, अनारसे, जावयाला कपडे, कारण नुसतं पाकीट नेलं तर बरं दिसत न्हाई. असा माझ्या हिशोबानं माझा पैसा इवायांकडं जमून राह्यला. अन् उषाबाई ईहीन, लेकीच्या सासूबाई, दर खेपेला रजनीला साडी नेसवायच्या. मी रजनीला म्हणायचो, बघ, व्याज चालू झालं. रजनी म्हणायची, 'ह्या व्याजाचा रंग पहिल्याच पाण्यात गेला.'

एकदा अर्पिता मला ओट्यावर गाठून म्हणली, 'बाबा, एवढं कशाला करून राह्यले तुम्ही? आधी आईचं बघा ना.' मी म्हणलं, 'आईचंच बघून राह्यलो.' अन् एकदा मीच हिंमत केली, सगळे जेवून उठल्यावर, म्हणजे ते जेवून उठल्यावर, मी माझ्या डब्यातलं खाल्लं होतं, इवायांना म्हणलं, 'इवाई, ते... आपलं ते... व्यवस्थित आहे ना?' इवाई म्हणले, 'काळजीच करू नका. एकदम सुरक्षित आहे. योग्य जागी टाकून राह्यलो.' माझं काळीज गार झालं. त्या खुशीत पुढच्या पाकिटावर टोपीऐवजी फेटा नेला.

अन् मंग पुण्याची कंपनी बसली.

कशी बसली? मालकानं गिऱ्हाइकांचा पैसा आपल्या धंद्यात फिरवला, म्हणे जमिनी घेतल्या. एक्स्चेंजनं कामकाज बंद पाडलं, पेपरात आलं, डिफॉल्टर. ज्यानं गिऱ्हाइकाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा, आपल्या पैशात मिसळायचा न्हाई, त्यानंच मिसळला. हितं इवायांच्या दुकानापुढं ही गर्दी. युरिया आला म्हणून लोकं जमायची तशी, फक्त तेव्हा हसतमुख असायची. इवाई जिन्यात उभे राहून सगळ्यांना सांगायचे: शेअर तुमचे डीमॅटला आहेत, ते कंपनीच्या तिजोरीत नसतातच, दुसऱ्या ब्रोकरकडं वळवून घ्या, ज्याची रोकड अडकली त्यानं एक्स्चेंजकडं अर्ज करा, तिथं ह्याच्यासाठीच फंड ठेवलेला आहे, छाननी होते अन् मर्यादेपर्यंत भरपाई भेटते, पैसा सुरक्षित आहे. गर्दीतून एकजण म्हणला, 'मंग घाम का पुसून राह्यले?' मी हे ऐकलेलं सांगतो. मी आलोच न्हाई. सोयऱ्याच्या दारात वसुलीच्या गर्दीत जाऊन उभं राहणं बरं दिसतं का?

मी घरून फोन लावला, तक्रारीच्या नंबरवर. पोरीचा आवाज एवढा गोड, मला वाटलं झालं काम. कोड विचारला, दिला. म्हणली, 'सर, आपल्या खात्यात शिल्लक शून्य आहे.' म्हणलं, शून्य कसं? 'सर, आपण भरलेली प्रत्येक रक्कम आपल्या बँकेत परत दिलेली आहे. आपलं काहीच अडकलेलं नाही, सर. आपला पैसा सुरक्षित आहे.' अन् ह्याच्यावर म्हणते, 'अभिनंदन.' मी म्हणलं, ताई, पण तो मी पुन्हा दिला. कोणाला? इवायांना. ते कोण? लेकीचे सासरे. कंपनीच्या खात्यात दिला का? न्हाई, पाकिटात. कोणत्या पाकिटात, सर? आहेराच्या. मला वाटलं लाइन कटली. मंग हळूच म्हणते, 'पावती आहे का, सर?'

आहेराची पावती! अहो, लग्नात आहेर लिहून घ्यायला एक काका बसवलेले असतात, पण नागपंचमीला कोण बसतं? मंग तिनं मला लेकराला समजावतात तसं समजावलं. बँकेतून कंपनीच्या खात्यात गेलेला अन् तिथं अडकलेला पैसा असंल तर अर्ज चालतो. कोणाच्या हातात दिलेली रोकड, उसनवारी, बक्षीस, ह्याला त्या फंडातून काही भेटत न्हाई. मी म्हणलं, बक्षीस न्हाई ते, आहेर आहे, फरक असतो. ती म्हणली, 'आमच्याकडे तसा कॉलम नाही, सर.'

रजनी शेजारीच बसल्ती. सगळं ऐकलं तिनं. म्हणली, 'म्हणजे त्या लोकांनी दर तीन महिन्याला तुम्हाला विहिरीतून बाहेर काढलं, अन् तुम्ही दर सणाला टोपी-टॉवेल घेऊन पुन्हा उडी मारली.' मी म्हणलं, तुला रीतभात कळत न्हाई. ती म्हणली, 'इवायांना विचारा.' मी म्हणलं, दिलेला आहेर परत कसा मागायचा? ती म्हणली, 'आहेर होता का तो?' मी म्हणलं, नव्हता, पण दिला तर तसाच ना! आता ह्याच्यात माझी चूक कुठं आहे सांगा. नियम करणाऱ्यानं रीत विचारायला नको?

पण पुढच्याच आठवड्यात काय झालं, ती गिरणीतून पीठ घेऊन येत होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत आली अन् तिथंच बसली. पिठाचा डबा बाजूला, पाय लांब केलेले. उठताच येईना. रडत बी नव्हती, नुसती भिंतीकडं बघत होती. मी पळत खाली गेलो, हात पुढं केला, तर म्हणली, 'हात नका देऊ. पाकीट द्या.'

लई वाईट वाटलं मला. तुम्हाला म्हणून सांगतो, इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कधी लागलं न्हाई.

आलो मंग दोघं तीर्थपुरीला. भाड्याची गाडी केली, बाटली घेतली, बसलो इवायांच्या बैठकीत. इवाई पार वाळलेले. वरचं हाफिस बंद, बोर्ड काढलेला. इवाई पावसाचं बोलले, मी सोयाबीनच्या भावाचं बोललो. ते कापसाचं बोलले, मी परत पावसावर आलो. रजनीनं दोन वेळा खोकून बघितलं. मंग सरळच म्हणली, 'इवाई, आमचे पाकिटातले पैसे कुठं आहेत?'

इवाई म्हणले, 'कोणते? आहेराचे?'

'आहेर नव्हता तो. गुडघ्याचे पैसे होते माझ्या. शेअरमधी टाकायला दिल्ते ह्यांनी.'

इवायांनी माझ्याकडं बघितलं, मी बाटलीकडं. उषाबाई ईहीन आतून म्हणल्या, अगं माय, आम्ही तर गावभर सांगून राह्यलो, काय माणूस आहे, सणासणाला लेकीला पन्नास हजार एक! अन् इवाई... इवायांच्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हणले, 'इवाई, तुम्ही असू द्या म्हणले. बापानं दिलेला आहेर लेकीचा असतो. सासऱ्यानं त्यातला रुपया वापरला तर लोक तोंडात शेण घालतील. मी हात न्हाई लावला. तुमच्या जावयाला बी लावू दिला न्हाई. सगळा अर्पिताच्या बँकेत भरला अन् तिच्या नावानं शेअर घेतले.'

घेतले! ऐकलं का तुम्ही? माझ्यासाठी भाव पडायची वाट बघून राह्यल्ते, अन् सुनेसाठी पटापट घेतले. बरं, वाढले बी! चांगले वाढले! मी म्हणलं, 'इवाई, माझे का न्हाई घेतले?' तर म्हणतात, 'तुमचा पैसा म्हणजे सोयऱ्याचा पैसा. बुडाला असता तर तोंड कसं दाखवलं असतं? म्हणून पडूनच ठेवला, परत जायचा तो सुरक्षित.'

आता ह्या माणसाला काय म्हणायचं? शिवी देता येत न्हाई, पाया पडावं तर लेकीचे सासरे म्हणून ते पडू देत न्हाईत.

मी म्हणलं, बरं, मंग ते शेअर तर आहेत ना डीमॅटला, कंपनी बुडू दे न्हाई तर राहू दे. तेवढ्यात अर्पिता स्वयंपाकघराच्या दारात आली. म्हणली, 'बाबा, मी विकले.' का गं? 'आईच्या गुडघ्यासाठी. तुम्ही काही करून न्हाई राह्यले म्हणून मीच करणार होते, विकले अन् त्याच आठवड्यात कंपनी बंद पडली.' म्हणजे बघा माझं नशीब. शेअर शेअरच राह्यले असते तर डीमॅटला सुरक्षित. पैसे बँकेत आले असते तर बँकेत सुरक्षित. नेमके मधल्या दारात होते, शेअरचे पैसे झालेले अन् बँकेत पोहोचायचे, तेव्हाच दार लागलं.

पण अर्पिता माझ्यासारखी न्हाई, तिनं अर्ज आधीच टाकलेला. अन् तिच्याकडं सगळं होतं, बँकेतून गेलेलं, कंपनीत विकलेलं, त्या पोरीला पाहिजे त्या सगळ्या कॉलमात बसणारं. मंग वाट बघणं. छाननी चालू आहे, कमिटी बसून राह्यली, हे कागद द्या, ते कागद द्या. इकडं रजनी घरातून बाहेर पडायची बंद झाली. पीठ मी आणायचो, भाजी मी आणायचो, ती खिडकीत बसून रस्ता बघायची. मी एकदा म्हणलं, येतील पैसे. ती म्हणली, 'कोणाला?' मी पिशवी घेऊन भाजीला गेलो.

अन् आले! पूर्ण आले. फंडातून, अर्पिताच्या खात्यात. लेकीचा फोन, 'बाबा, आले, पाठवून राह्यले.' अन् माझ्या तोंडातून निघून गेलं, 'नको.' ती म्हणली, 'अहो बाबा, तुमचेच आहेत.' म्हणलं, माझे असते तर त्या फोनवालीनं सांगितलं नसतं का? माझं शून्य आहे. हे आहेरानं तुझे, कायद्यानं बी तुझे. लेकीचा पैसा मी कसा घेऊ? काल तुला दिला म्हणून गावानं नाव काढलं, आज परत घेतला तर?

दुसऱ्या दिवशी इवाई स्वतः जालन्याला. तीन मजले चढून आले, धापा टाकत, खिशातून पाकीट काढलं. तेच, गणपतीचं. वर एक रुपया, आत अर्पिताच्या सहीचा चेक. माझ्या हातात ठेवून म्हणतात, 'असू द्या तुमच्याकडं.' आता मी काय करणार? आत गेलो, देवघरातून एक रुपया आणला, त्याच्यावर ठेवला, अन् दिलं परत. म्हणलं, तुमच्याकडंच असू द्या. त्यांनी परत खिशात हात घातला, सुट्टा रुपया शोधायला.

अन् रजनी हे सगळं खुर्चीतून बघून राह्यली.

म्हणली, 'झालं तुमचं दोघांचं?' एवढंच. उठली, पिशवीत दोन साड्या टाकल्या, त्या व्याजाच्याच, ते पाकीट इवायांच्या हातातून घेतलं. मला म्हणली, 'रीत तुमची आहे, गुडघे माझे आहेत. मी लेकीकडं चालले. पाणी बी पिईन, जेवीन बी, अन् तिच्या पैशानं दोन्ही गुडघे करीन.' अन् उतरायला लागली. कठडा धरून, एकेक पायरी, तीन मजले. इवाई मागं पिशवी घेऊन. मी वरून बघत राह्यलो. गाडीत बसली. एकदा बी वर बघितलं न्हाई तिनं.

संभाजीनगरला झालं ऑपरेशन. चांगलं झालं म्हणतात. आता तीन मजले चढायचे न्हाईत, म्हणून हितंच ठेवलीय, लेकीकडं. मी येतो आठवड्याला. ओट्यावर बसतो, काय गं बरी आहेस का, ती हं म्हणते, मंग मी हितं टपरीवर येतो. लोक विचारतात, काका, पैसा वाचला का तुमचा? वाचला ना. कंपनी बुडाली तिच्यातून वाचला, मालकाच्या हातातून वाचला, इवायांपासून वाचला, जावयापासून वाचला. पैसा सुरक्षित, बायको सुरक्षित, अन् मी रस्त्याच्या ह्या बाजूला बाटली घेऊन... कडूबा, ही बाटली बी संपली बघ.

थांबा. ते दार... कोण येऊन राह्यलं? रजनी? अगं, काठी कुठं आहे तुझी? कोणी धरलेलं बी न्हाई तिला! ओ ट्रॅक्टरवाले, थांबा जरा, माझी मंडळी रस्ता ओलांडून राह्यली... सरळ चालून राह्यली हो. बघा ना, पाय बघा, लंगडत न्हाई. अन् हातात काय आहे तिच्या... ग्लास आहे. पाण्याचा. सांडला बी न्हाई.

...काय म्हणते? ऐकलं का तुम्ही? म्हणते, 'धरा.' अगं पण लेकीच्या घरचं... म्हणते, 'माझ्या पायांनी आणलंय. प्या, न्हाईतर मी हितंच उभी राहते. अन् डॉक्टरांनी मला जास्त उभं राहू नको म्हणलंय.'

...पिलो. पिलो बाबा. काय करता? गार आहे. माठाचं पाणी ते माठाचंच.

पण रीत म्हणजे रीत. ग्लास रिकामा दिला तर फुकटचं पिल्यासारखं झालं. हा एक रुपया टाकला ग्लासात. जा, घेऊन जा.

...अन् ते बघा इवाई दुकानातून ओरडून राह्यले, 'इवाई, हा रुपया कोणाच्या खात्यात टाकू?'

टाका हो. टाका अर्पिताच्याच. पैसा सुरक्षित राहतो तो तिथंच.